सोमवारची ओल

वरच्या मजल्यावरच्या वृंदावहिनी दुधाने आंघोळ करतात, हे आमच्या बिल्डिंगला पहिल्यांदा मी सांगितलं. उगाच नाही सांगितलं. पुराव्याशिवाय मी तोंड उघडत नाही. एकदा उघडलं की मात्र पुराव्यासाठी थांबत नाही.

पुरावा माझ्या हॉलच्या भिंतीत होता. आम्ही अंबरनाथ पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावर राहतो. आमचे हे, दौलतराव, फॅक्टरीतून रिटायर झाले तेव्हा मी हॉल वाढवून घेतला. गॅलरीकडची विटांची भिंत काढली, दोन फूट पुढे लाकडाची चौकट उभी केली आणि तिला दोन्ही बाजूंनी प्लाय मारून वर रंग दिला. बघणाऱ्याला पक्की भिंत वाटते. फक्त टकटक केली की रिकामा डबा बोलतो, म्हणून आमच्याकडे पाहुण्यांनी भिंतीला हात लावायचा नाही, असा नियमच आहे.

त्या भिंतीला माझा देव्हारा. देव्हाऱ्यात महादेवाची पिंड, वर तांब्याचं अभिषेकपात्र. दिवसभर थेंब थेंब पाणी, सोमवारी दूध. खालची वाटी सारखी भरून सांडायची. तेव्हा आमच्या जितेशने डोकं चालवलं. पिंडीच्या पन्हळीला बोटभर जाड प्लास्टिकची नळी जोडली, भिंतीला आरपार भोक पाडलं, आणि नळी पलीकडे गॅलरीत काढली, ड्रममध्ये लावलेल्या बेलाच्या रोपावर. देवाचं पाणी बेलाला, बेलाचं पान देवाला. मी स्टेशनपर्यंत लोकांना सांगत गेले होते की माझ्या पोराने महादेवाला नळ कनेक्शन दिलं.

आता वरचं सांगते. वृंदावहिनी साहेबाची बायको. चिंतामणी भावोजी फॅक्टरीत मोठ्या हुद्द्यावर होते, आता सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. वहिनींचे गुडघे गेलेले. आतल्या संडासात त्यांना बसता येईना, म्हणून त्यांनी गॅलरीच्या जागेत नवीन बाथरूम काढलं. खुर्चीसारखा कमोड, धरायला स्टीलचा दांडा, न घसरणाऱ्या फरश्या. बरोब्बर माझ्या भिंतीच्या डोक्यावर.

दिवाळीची साफसफाई झाली आणि पंधरा दिवसांत माझ्या भिंतीचा रंग फुगला. मी वर बघितलं. वर कोण? वृंदावहिनी. विषय संपला.

आमची सून तेजस्वी सायन्स शिकलेली. ती म्हणाली, "आई, पण छत तर कोरडं आहे."

"असणारच," मी म्हटलं. "वृंदावहिनींचं पाणी त्यांच्यासारखंच. वरून काही कळू द्यायचं नाही, आतून काम करायचं."

"आणि भिंत सोमवारी जास्त ओली होते. असं का?"

"सोमवारी त्या डोकं धुतात."

"आणि हा आंबट वास? दुधासारखा?"

यावर मात्र मी विचार केला. चांगला चहाचा एक कप संपेपर्यंत केला. मग मला उलगडा झाला आणि मी खाली भाजीवाल्या गंगूकडे जाऊन सांगून आले. गंगूला सांगितलं की पेपरात द्यावं लागत नाही.

वहिनींनी बिचाऱ्यांनी, म्हणजे तेव्हा मी बिचाऱ्या म्हणत नव्हते, दोनदा बाथरूममध्ये केमिकल मारून घेतलं. आठ आठ दिवस ते बंद ठेवायला लागायचं. त्या आठ दिवसांत त्या गुडघे धरत चौथ्या मजल्यावर भाचीकडे जायच्या, सकाळ-संध्याकाळ, कठड्याला धरून. जिन्यात भेटल्या की मी विचारायची, "काय वहिनी, वर दूध स्वस्त आहे का?" आणि भिंत सोमवारी ओली ती ओलीच. बेलाचं रोपही त्या हिवाळ्यात वाळून काडी झालं. त्यासाठी मी तेजस्वीला बोलले. तिचा हात लागलेलं झाड जगत नाही, असं म्हटलं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. शिकलेल्या मुली अशाच बघतात.

मग महाशिवरात्र आली. मी पात्र अकरा वेळा भरलं. दूध, दही, मध, साखर, काही म्हणून हात आखडला नाही. संध्याकाळी आरतीला उभी राहिले तर भिंतीला सातव्या महिन्याचं पोट आलेलं. खाली प्लायची शिवण उसवलेली, तिथून लाल मुंग्यांची रांग. आणि देव्हारा हळूहळू पुढे येतोय.

"अहो, बघा," मी ह्यांना म्हटलं, "महादेव माझ्याकडे झुकले. आशीर्वाद देतायत."

"पडतायत," हे म्हणाले. "धर."

रविवारी सोसायटीची मीटिंग लावली. खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या. मी माझ्या भिंतीचा एक तुकडा पुरावा म्हणून पिशवीतून नेला होता. तो सगळ्यांना हुंगायला दिला. चिंतामणी भावोजींनी सुद्धा हुंगला आणि चष्मा पुसला.

मी म्हटलं, "उन्हाळा लागला. बाहेर पावसाचा थेंब नाही. मग हे पाणी आभाळातून आलं का? बाथरूम फोडा. त्याशिवाय मी घरात सुताराला हात लावू देणार नाही."

वृंदावहिनी उठल्या. त्यांना उठायला वेळ लागतो, म्हणून सगळे थांबले. त्या म्हणाल्या, "फोडते. मंगळवारी सकाळी मिस्त्री येईल. फरशी, कमोड, सगळं उखडू. पण विठाताई, खाली पाण्याचा टिपूस सापडला नाही तर?"

मी पण उठले. मला वेळ लागत नाही. "तर ही विठा सोळाच्या सोळा दारांत जाऊन सांगेल की विठा खोटी आणि वृंदावहिनी खऱ्या."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणासाठी ते कळलं नाही, पण मी माझ्यासाठी धरल्या.

सुताराला हात लावू देणार नाही म्हटलं होतं खरं, पण घरी आले तर भिंतीने माझ्या बोलण्याचा मान ठेवला नाही. आणखी चार बोटं पुढे आलेली. हे तिला पाठ लावून पेपर वाचत बसले होते. मी विचारलं असं का बसलात, तर म्हणाले, "उठलो तर ती पण उठेल." त्यामुळे सोमवारी सकाळी हरिचंद्र सुताराला बोलावणं भाग पडलं.

हरिचंद्र बदलापूरचा. हात सोन्याचा, जीभ माझ्या तोडीची. त्याने आल्या आल्या भिंतीवर टकटक केली. नियम मोडला, पण मी सोडून दिलं.

"मावशी, आधी देव काढा. मी हात लावणार नाय."

देव मी स्वतः काढले. पिंड पाटावर ठेवली. नळी पिंडीला जोडलेली होती, ती ओढली तर सर्रकन हातात आली. वीतभर. मी म्हटलं, एवढीशी कशी? जितेशने तर हातभर घातली होती. मग आठवलं, दिवाळीच्या साफसफाईत मीच ती काढून धुतली होती, टोक चिरलं होतं म्हणून कात्रीने कापली होती, आणि परत भोकात खुपसली होती. आत गेली म्हणजे पलीकडे गेली. दुसरीकडे जाणार कुठे?

हरिचंद्रने पटाशी घालून प्लाय उचकटला. प्लाय चहात भिजलेल्या खारी बिस्किटासारखा पदर पदर सुटत आला. आतल्या चौकटीचं वरचं आडवं लाकूड त्याने हाताने चोळलं. खडखडीत कोरडं, अजून वखारीच्या खडूची रेघ त्यावर दिसत होती. मग त्याची बॅटरी खाली आली. नळीच्या भोकापासून खाली उभं लाकूड काळं पडलेलं. तळाच्या आडव्या लाकडात त्याने बोट घातलं, ते दोन पेरं आत गेलं. आणि त्या तळाशी, चौकटीच्या खाचेत, बेलाची कुजलेली पानं, फुलांचा चिखल, आणि फिकट हिरवी, वीत वीत उंचीची रोपं.

"हे काय उगवलंय?" हे म्हणाले.

हरिचंद्र खाली बसला. एक रोप उपटून त्याने मुळाशी बघितलं. "भात आहे दादा. अक्षतांतले टरफलासकटचे दाणे वाहून आले आणि रुजले. मावशी, तुम्ही भिंतीत शेती केलीत."

तेजस्वी दारात उभी होती. तिने फक्त ओढणी तोंडात धरली आणि आत गेली. आतून बादली पडल्यासारखा आवाज आला.

मी चामटोलीच्या शेतकऱ्याची लेक. रोप बघून मला कळलं की पाणी चांगलं मिळालंय. बाकीचंही कळलं. सोमवार कळला, दूध कळलं, बेलाची काडी कळली.

"हरिचंद्र," मी म्हटलं, "हे बाहेर बोलायचं नाही."

"मावशी, माझ्या तोंडाला कुलूप. पण वर उद्या हातोडा पडणार, त्याचं काय?"

"ते मी बघते. तू ह्यांना घेऊन उल्हासनगरला वखारीत जा. लाकूड आण. चांगलं बघून आण."

"खालचं लाकूड जास्त जाड घ्यायचं ना? म्हणजे पुढच्या पिकाला..."

मी दुसरा पाट उचलला तेव्हा तो जिना उतरला.

माझ्यासमोर आता सरळ दोन रस्ते होते. एक, वर जाऊन खरं सांगायचं. दुसरा, वर जाऊन माफ करायचं. माफ करणं मला जास्त शोभतं, म्हणून मी वाटीत तिळाची चटणी घेतली आणि वर गेले.

वृंदावहिनींनी दार उघडलं. मागे हॉलमध्ये त्यांच्या बाथरूममधलं सगळं काढून ठेवलेलं, बादल्या, मग, साबणाची डबी, तो स्टीलचा दांडा सुद्धा स्क्रू काढून वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

"वहिनी," मी म्हटलं, "मी खूप विचार केला. शेजारधर्म मोठा. झालं गेलं विसरून जाऊ. मी तुम्हाला माफ केलं. फोडू नका."

त्या वाटीकडे बघत राहिल्या. "विठाताई, तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे."

"मग माफ कशाबद्दल करताय? माझं पाणी आहे की नाही, तेच बघायचंय ना?"

"असेल थोडं, नसेल थोडं. पाणी काय, कुठूनही येतं."

"दिवाळीपासून तर ते माझ्याच डोक्यावरून येत होतं."

"वहिनी, मंगळवारी जमिनीला लोखंड लावू नये. आमच्या चामटोलीला चालत नाही."

"आमच्या तिसऱ्या मजल्यावर चालतं." मग त्या दाराला टेकल्या, गुडघ्यावर हात ठेवून. "ताई, परवा गंगू मला म्हणाली, बाई, गाईचं वापरता का म्हशीचं? मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा भाजी तिथेच ठेवून आले. आता हे बाथरूम फुटेलच. मला बसायला दुसरी जागा नाही, भाचीचा जिना मला चढवत नाही, तरी फुटेल. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोरडं निघू दे."

मी चटणीची वाटी त्यांच्या हातात दिली आणि खाली आले. चटणी मी छान केली होती, तरी "खाऊन सांगा" म्हणायचं राहिलं.

दुपारभर मी उपाय शोधले. मिस्त्रीला फोन लावून बिल्डिंगमध्ये कांजण्या आहेत असं सांगितलं, तर तो म्हणाला, "काकी, मला लहानपणी येऊन गेल्यात." चिंतामणी भावोजींना जिन्यात गाठून विचारलं की सेक्रेटरीच्या घरात फोडाफोडी शोभते का, तर ते म्हणाले, "विठाबाई, ठराव तुमचा आहे." तेजस्वी भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "आई, तुम्ही सांगून टाका ना. पाच मिनिटांचं काम आहे."

"तुझ्यासाठी पाच मिनिटांचं. मला माझं तोंड बदलावं लागेल."

"तोंड तेच ठेवा. वाक्य बदला."

सुनेने मला अक्कल शिकवायची म्हणजे काळ वाईट आहे. तरी मी तिला बेलाबद्दल बोलले होते, ते आठवलं. मी तिच्या ताटात तूप जास्त वाढलं. तिला कळलं की नाही कोण जाणे, पण तिने ते काढून ठेवलं नाही.

मंगळवारी नऊला हातोड्याच्या पिशवीचा आवाज जिन्यातून वर गेला. माझ्या चपला कुठे होत्या मला माहीत नाही. मी अनवाणी वर गेले. दार उघडंच होतं. हॉलमध्ये अर्धी सोसायटी, हातात चहाचे कप, जणू साखरपुडा आहे. मिस्त्रीने छिन्नी पहिल्या फरशीवर ठेवली होती आणि हातोडा खांद्यापर्यंत उचलला होता. मी त्याच्या हाताखालून आत घुसले आणि कमोडवर जाऊन बसले. झाकण लावलेलं होतं, हे नशीब.

"काकी, उठा," मिस्त्री म्हणाला.

"उठणार नाही."

"विठाबाई," चिंतामणी भावोजी दारातून म्हणाले, बाईमाणूस बाथरूममध्ये बसलंय म्हणून तोंड भिंतीकडे करून, "हा काय प्रकार?"

"बसले आहे. आरामशीर आहे. चांगला घेतलाय कमोड."

मागून हे आणि हरिचंद्र सुद्धा आले, हरिचंद्रच्या हातात अजून रंधा. वृंदावहिनी गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. धरायला दांडा नव्हता, म्हणून त्यांनी एका हाताने दाराची चौकट धरली होती. बोटं पांढरी पडेपर्यंत आवळली होती. मला वाटलं रागाने. नीट बघितलं तर गुडघ्यांपायी.

"ताई," त्या हळू म्हणाल्या, "आता काय राहिलं?"

मी सगळ्यांकडे बघितलं. मग फक्त त्यांच्याकडे बघितलं. "पाणी माझं आहे."

अर्ध्या सोसायटीने चहाचे कप खाली केले.

"काय?" वहिनी म्हणाल्या.

"पाणी माझं आहे. माझ्या देव्हाऱ्याचं. नळी मी कापली, मीच आखूड केली, मीच आत खुपसली. चौकट मी कुजवली."

वहिनींनी डोळे मिटले आणि उघडले. "आणि दूध?"

"ते पण माझंच."

"मग सोमवारी डोकं कोण धुतं?"

"महादेव."

आधी हरिचंद्र हसला. त्याचा रंधा खाली पडला. मग मिस्त्री. मग चिंतामणी भावोजी, भिंतीकडे तोंड करूनच, त्यांचे खांदे हलताना दिसत होते. आमचे हे हसले नाहीत. चाळीस वर्षांत त्यांना माझी चूक पहिल्यांदा चारचौघांत ऐकायला मिळाली होती, ते ती डोळे मिटून ऐकत होते, भजन ऐकावं तसे.

वृंदावहिनी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सोळा दारं."

"जाते."

"मी पण येते. तुम्ही अर्धवट सांगाल."

आणि आल्या की! एका हाताने कठडा, एका हाताने माझा दंड. प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबायच्या आणि दार उघडलं की मला कोपराने ढोसायच्या. पहिल्या दारात मी म्हटलं, "पाण्याचा थोडा गैरसमज झाला होता." वहिनी म्हणाल्या, "नीट." मी नीट सांगितलं. पाचव्या दारापर्यंत मला ते पाठ झालं. नवव्या दाराला मी थोडी चाल लावली. सोळाव्या दाराला लोकांनी आत बोलावून सरबत दिलं आणि भाताचं पहिल्यापासून सांगा म्हणाले. गंगूकडे मात्र वहिनींनी मला एकटीला पाठवलं. गंगू सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे म्हशीचंच ना?"

तिकडे हरिचंद्रने नवी चौकट उभी करायला घेतली. कुजलेलं सगळं कापून टाकलं, जिथवर लाकूड चांगलं होतं तिथवर ठेवलं, नव्याला जुन्याशी खाच पाडून जोडलं. वाळवीचं औषध दोनदा लावलं. वृंदावहिनी माझ्या हॉलमध्ये, माझ्या खुर्चीत बसून बघत होत्या. माझ्या घरात कोणी खुर्चीत बसून माझ्या सुताराला सूचना देतंय आणि मी गप्प आहे, हे बघायला तेजस्वी स्वयंपाकघरातून तीनदा बाहेर आली.

"हरिचंद्र," वहिनी म्हणाल्या, "प्लाय पूर्ण बंद नको करूस. नळीजवळ एक छोटं दार ठेव. बिजागरीचं. उघडून आत बघता आलं पाहिजे."

"भिंतीला दार?" मी म्हटलं. "लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते मला विचारताय?"

मी दार ठेवू दिलं. कडी पण बसवू दिली. फक्त कडी पितळी घ्यायला लावली, स्टीलची मी घेत नाही.

पुढच्या सोमवारी मी दूध वाहिलं. नळी आता पुरती लांब, पलीकडच्या ड्रमात तेजस्वीने लावलेल्या नव्या बेलावर सुटणारी. दहा वाजता वृंदावहिनी आल्या, हातात त्यांच्या साहेबांची बॅटरी. चप्पल बाहेर काढली, देवाला हात जोडले, मग कडी काढून भिंतीत डोकं घातलं. मी मागे उभी. हे पेपर घेऊन उभे. जिन्यात दोन-तीन जण कामाला जाताना थांबलेले.

"कोरडं आहे," वहिनी आतून म्हणाल्या.

"वहिनी, जरा मोठ्याने म्हणा," मी म्हटलं. "सोळा नंबरवाल्यांना कमी ऐकू येतं."